लेट्रोझोल अडीच एमजी: १४ महिने रोज घेतल्यावर

माझं वय ५८, नाशिकच्या सिडकोत राहते, घरीच पिको-फॉल आणि ब्लाऊजचं काम करते. स्तनाची गाठ निघाली, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं आणि शेवटी डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली, लेट्रोझोल, रोज एक गोळी, निदान ५ वर्षं. गोळी बघितली तर पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. केमोत डोक्यावरचा एकेक केस गेला होता माझा आणि आता ही टिकली काय करणार? व्हिटॅमिनच असेल असं समजून पहिला महिना घेतली.

मग एकदा विचारलंच. माझी पाळी जाऊन ८ वर्षं झाली, इस्ट्रोजेन उरलंय कुठे? तर अंडाशय रिटायर झालं तरी किडनीवरच्या ग्रंथी पुरुषी हार्मोन थोडं थोडं सोडतच असतात आणि आपल्या चरबीत, स्नायूत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं ते त्याचं इस्ट्रोजेन करून टाकतं. माझी गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे तिच्या पेशींना इस्ट्रोजेनसाठी सीट होत्या, ते येऊन बसलं की पेशी वाढणार. पाळी चालू असलेल्या बायकांना बहुतेक टॅमॉक्सिफेन देतात, ती त्या सीटवर रुमाल टाकून ठेवते, सीबीएस स्टँडवर एसटीच्या खिडकीतून टाकतात ना तसा. लेट्रोझोलचं तसं नाही, ती अरोमाटेजच बंद पाडते, म्हणजे प्रवासीच स्टँडवर येत नाही.

गंमत म्हणजे माझ्या भाचीला हीच गोळी मूल राहण्यासाठी ५ दिवस दिली होती! घरात केवढा गोंधळ, मावशीला चुकीचं औषध दिलं म्हणून. चुकीचं नव्हतं. तरुण बाईत इस्ट्रोजेन कमी पडलं की मेंदू अंडाशयाला जोरात हाका मारतो आणि अंडं तयार होतं. म्हणूनच पाळी चालू असताना कॅन्सरसाठी नुसती ही गोळी देत नाहीत, आधी अंडाशय गप्प करावं लागतं. मुलीने कुठेतरी वाचलं की १८९६ साली बीटसन नावाच्या ग्लासगोच्या सर्जनने अंडाशय काढून स्तनाच्या गाठी आक्रसताना पाहिल्या होत्या. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा निघाला नव्हता म्हणे.

केमोला शेजारच्या खुर्चीत सिन्नरच्या एक ताई असायच्या, त्यांचा हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाच्या वेगळ्याच सीट (रिसेप्टर) जास्त. त्यांना ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन, दर ३ आठवड्यांनी, वर्षभर. ते हर-टूच्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं म्हणून केस वगैरे जात नाहीत, पण हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून मधूनमधून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माझा हर-टूचा रिपोर्ट टू प्लस आला होता म्हणजे ना हो ना नाही, मग पक्कं कळायला फिश नावाची जनुकांची टेस्ट केली, ती निगेटिव्ह. मला उगाच वाईट वाटलं होतं की ताईंना मिळतंय आणि मला नाही, पण जिथे ते रिसेप्टर जास्त नाहीतच तिथे त्या इंजेक्शनचा काय उपयोग?

आता त्रासाचं. गरम वाफा! डिसेंबरात नाशकात काय गारठा असतो माहितीये, आणि मी रात्री २ वाजता पंखा पाचवर करून बसलेली, आमचे हे दोन गोधड्यांत. ते सहन झालं. बोटं मात्र नाही. चौथ्या महिन्यापासून सकाळी मूठच वळेना, दुधाची पिशवी दातांनी फाडायचे, उजवी अनामिका वाकली की अडकायची आणि दुसऱ्या हाताने सरळ केली की टक्क वाजायची. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागायची. ३० वर्षं हेच काम करतेय मी.

हाडांचं वेगळंच. सुरुवातीच्या डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्या तपासणीत, टी-स्कोअर उणे १.८, वर्षाने उणे २.१, जितका उणे तितकी हाडं विरळ. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी होतंच, आता हाडं टिकावीत म्हणून दर ६ महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाईन पण. त्याआधी दात तपासून घ्या हे मला एका ठिकाणी कोणी सांगितलंच नाही, दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, कारण क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. पहिल्या डोसनंतर दिवसभर ताप आला, अंग ठणकलं, मग काही नाही.

आणि हो, दिवाळीच्या साड्यांचा ढीग बघून मी गोळी २० दिवस बंद केली, कोणाला न विचारता. दुसऱ्या आठवड्यात बोटं मोकळी. मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की बोटं सुटली म्हणजे इस्ट्रोजेन परत आलं. पोटात गोळाच आला माझ्या. या गोळीला स्टार द्यायचे तरी कसे, काम करते तेव्हा काहीच दिसत नाही, दिसतात ते फक्त त्रास.

आता २ महिने लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन, २५ एमजी, जेवणानंतरच. काम तेच, पण ही अरोमाटेजला चिकटली की सुटत नाही. बोटं सकाळी आखडतात, नऊपर्यंत सुटतात. दोरा मीच ओवते, एखादा दिवस सोडून. पुढची डेक्सा मार्चमध्ये, आकडा आला की लिहीन.