गोंदूरच्या सर्किटांचं चित्र: घ्यावं का?

पुतणी धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकतेय. तिच्या उड्डाणांच्या डेटावरून जळगावच्या एका छोट्या स्टुडिओने चित्र करून दिलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून आधी रेषेबद्दल.

सर्किट म्हणजे उडायचं, हजारेक फुटांवर धावपट्टीशेजारून लांबट चौकोन मारायचा आणि परत टेकायचं. तिची सगळी सर्किटं एकाच कागदावर, एकावर एक. सुरुवातीच्या रेषा विस्कटलेल्या, वाऱ्याने शेतांकडे रेटलेल्या. नंतरच्या इतक्या जवळजवळ की तिथे शाई गडद झालीय. पोरीचा हात कसा बसत गेला ते नुसतं बघून कळतं. चित्राचा सगळा जीव इथे आहे.

पहिल्या नमुन्यात मात्र स्टुडिओने वळणं गुळगुळीत करून टाकली होती. मी स्पष्ट सांगितलं, हेलकावे पुसू नका. दुसरी गोष्ट रंगांची. उंचीनुसार रंग बदलतो, जमिनीलगत गेरू आणि वर निळा. पण डेटातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि धुळं मुळात अडीचशे मीटरवर, म्हणून धावपट्टीच निळसर आली होती! तेवढी उंची वजा करायला लावली. दोन्ही दुरुस्त्या त्यांनी कुरकुर न करता केल्या, जादा पैसे न घेता.

डेटा कुठून घ्यायचा? विमानं दाखवणाऱ्या वेबसाइटवरून नको. विमान १०९० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर आपली जागा कळवतं, पण त्या लहरी सरळ रेषेत जातात. जवळपास रिसीव्हर नसेल तर खाली फिरणारं विमान टिपलंच जात नाही, आणि सर्किट तर सगळं खालीच चालतं. शिकण्याच्या छोट्या विमानात, म्हणजे सेसना १७२ मध्ये, गार्मिनची जी१००० ही स्क्रीनवर माहिती दाखवणारी यंत्रणा असेल तर एसडी कार्डावर दर सेकंदाला जागा, उंची, वेग अशी एक ओळ लिहिली जाते. प्रशिक्षकांची परवानगी घ्या आणि तीच फाइल द्या.

कागद जाड, सुती; शाई पिगमेंटची, म्हणजे सहज न फिकटणारी. तरी आपल्याकडचं ऊन बघता पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. फ्रेम स्टुडिओकडे महाग पडते, मी धुळ्यात आग्रा रोडवर करून घेतली. आकार मात्र ए२ च्या खाली नको, ए३ मध्ये जवळच्या रेषा एकमेकींना चिकटतात.