तीन नशीबदेवी आणि प्रिंटवाल्याचा ग्लॉसी कागद

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर जुनी चित्रं एकदम हाय रेझोल्युशनमध्ये फुकट डाउनलोड होतात, तिथून याकोब माथामचं ग्रीक पुराणातल्या तीन नशीबदेवींचं एन्ग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून छापलेलं चित्र) घेतलं आणि इथे ॲमस्टेलवेनमध्ये घराजवळच्या प्रिंटवाल्याला फ्रेमसाठी छापायला दिलं (दुकानाचं नाव नाही लिहीत, बाकी माणूस चांगला आहे).

क्लोथो सूत कातते, लाकेसिस धाग्याची लांबी ठरवते, अॅट्रोपोस कात्री लावते, विषय संपला. आपली सटवाई निदान कपाळावर लिहून गुपचूप निघून जाते, इथे सगळा कारभार उघड्यावर! मूळ डिझाइन हेन्ड्रिक गोल्त्सियसचं, हार्लेममधला मोठा कलाकार, लहानपणी उजवा हात भाजून वाकडा झालेला तरी त्याच हाताने तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) चालवायचा, आणि माथाम त्याचा सावत्र मुलगा, त्याच्याच हाताखाली शिकलेला. ह्या घराण्याची खासियत म्हणजे रेघ. बारीक सुरू होते, मध्ये फुगते, परत निमुळती होते, दंडाच्या गोलाईवर वळत जाते. रेघा एकमेकींना तिरक्या छेदल्या की शंकरपाळ्यासारखे चौकोन पडतात, कुठे कुठे त्यात एकेक टिंब. हे झूम करून बघण्यातच माझी एक संध्याकाळ गेली.

आणि प्रिंटवाल्याने काय केलं, तर फाइल पानात बसवायला लहान केली, वर शार्पनिंग मारलं, ग्लॉसी कागद लावला. रेघा इतक्या जवळ आल्या की अंगावर लाटा उठल्यासारखं दिसायला लागलं, जाळीचे दोन पडदे एकावर एक धरल्यावर दिसतं ना तसं, क्लोथोने चक्क झेब्रा घातलाय असं वाटत होतं. तक्रार केली तर म्हणे ओरिजिनलच असं आहे. मग मी लॅपटॉप काउंटरवर ठेवून झूम करून दाखवलं, तेव्हा गप्प.

दुसऱ्यांदा मोठी साइज, मॅट कॉटन कागद, शार्पनिंग बंद, आणि मस्त आलं, टिंबंसुद्धा सुटी दिसतात. पण पैसे दोन्ही वेळचे घेतले, त्याचा राग अजून आहे. 5 पैकी 3. तुम्ही जाणार असाल तर एन्ग्रेव्हिंग आहे हे आधी सांगा आणि छोटा टेस्ट तुकडा मागा.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती म्हणाली कात्रीवाली बाई हॉलमध्ये नको रे, घरात भांडणं होतात. सध्या माझ्या डेस्कवर आहेत तिघी.