लोअर युनिटचे सील न बदलताच घेतलेले पैसे

होडीच्या मागे बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाच्या लोअर युनिटचे (पाण्यात राहणाऱ्या, गिअर असलेल्या खालच्या भागाचे) सील, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या रबरी कड्या, बदलल्याचे सांगून एका मेकॅनिकने आमच्याकडून साडेआठ हजार रुपये घेतले आणि प्रत्यक्षात सील जागचे हलवलेसुद्धा नाहीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गोव्यातल्या पेडणे-बार्देशच्या किनाऱ्यावर अशी दुरुस्तीची कामे एकदम निघतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शापोरा नदीतून होडी वर ओढल्यावर गिअर ऑइल काढले, तर ते दुधाच्या चहासारखे निघाले. याचा अर्थ आत खारे पाणी शिरत होते. तसेच चालवत राहिल्यास बेअरिंगांना गंज चढतो, गिअरचे दात झिजतात आणि शेवटी अख्खे युनिट बदलण्याची वेळ येते. मेकॅनिक युनिट घेऊन गेला आणि प्रोपेलर शाफ्टचे (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचे) व ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाकडून खाली येणाऱ्या दांड्याचे) सील, ओ-रिंग (गोल रबरी कड्या) असे सगळे ओरिजिनल घातल्याचे सांगून त्याने ते परत दिले. जुने सील मागितले, तेव्हा ते कचऱ्यात गेल्याचे त्याने सांगितले. पावतीवर ‘सील काम’ एवढेच लिहिले होते, पार्ट नंबर एकही नव्हता.

हंगाम सुरू होताच तेल पुन्हा दुधाळ झाले. होडी कुठेतरी खडकाला आपटली असणार, असे उत्तर फोनवर मिळाले. मग आम्ही युनिट घरीच उघडले. प्रोपेलर आणि थ्रस्ट वॉशर काढल्यावर शाफ्टभोवती हिरव्या तंगुसाचे (जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचे) घट्ट वेढे दिसले, आणि त्या वेढ्यांवरूनच सिलिकॉन फासलेला होता. तंगुसाचे असे वेढे सीलच्या ओठाखाली शिरून रबर कापतात. गळतीचे हे नेहमीचे कारण आहे, आणि ते डोळ्यांसमोर असताना त्याने वरून लेप दिला होता. हे सील बदलायचे तर बेअरिंग हाउसिंग (सील आणि बेअरिंग ज्यात बसतात तो भाग) बाहेर ओढावेच लागते. त्याच्या बोल्टांवर मिठाची खपली आणि कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. त्यांना पाना लागलेलाच नव्हता. गरीब रांपणकाराचा (रांपणीच्या जाळ्याने मासे पकडणाऱ्याचा) पैसा असा लुबाडणे मला अक्षम्य वाटते.

काम देतानाच जुने सील परत हवेत असे सांगावे आणि पावतीवर पार्ट नंबर लिहून घ्यावेत. शाफ्टवर सील बसतो तिथे नख फिरवून पाहावे; खाच लागली, तर नवा सीलही टिकत नाही. तेल भरण्यापूर्वी प्रेशर टेस्ट आपल्यासमोर करायला लावावी. हातपंपाने साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक) हवा भरून (नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावा) शाफ्ट हाताने फिरवत साबणाचे पाणी लावावे. काही मिनिटे दाब दाखवणारा काटा हलता कामा नये आणि बुडबुडे येता कामा नयेत. तेल नेहमी खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे, आधी वरचा स्क्रू लावावा आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत, कारण कधी कधी पाणी तिथूनच शिरते.

आम्ही नवे सील बसवण्यापूर्वी वेढे, सिलिकॉन आणि बोल्ट यांचे फोटो तारखेसह काढून ठेवले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही. उत्तर गोव्याच्या आयोगाकडे द्यायचा आमचा अर्ज आता तयार आहे.