किंग्स्टन डीसी६००एम, ९६० जीबी: स्पीडसाठी नाही, लाईट जाते म्हणून घ्या

हा किंग्स्टनचा सर्व्हरसाठीचा एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारा ड्राईव्ह. आधीच सांगतो, बॉक्सवरचे आकडे बघून खूश होणाऱ्यांसाठी हा नाहीच. रीड ५६०, राईट ५३० एमबी पर सेकंद, बस. साटा, म्हणजे ड्राईव्ह जोडायची जुनी पद्धत, ६ जीबीपीएसवर २००९ पासून अडकून पडलंय, त्याच्यापुढे हा जाणार कुठं, घरच्या पीसीतला नव्या जोडणीचा साधा एनव्हीएमई ड्राईव्हसुद्धा याच्या चार-पाच पट पळतो. तरी नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरमध्ये मी हेच दोन टाकले, मिरर करून, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा, आणि मागचा अख्खा उन्हाळा त्यांच्यावर काढला, म्हणून लिहून राहिलो.

आधी तिथं कोणीतरी स्वस्तात जास्त जागा म्हणून क्यूएलसीवाला ड्राईव्ह लावून गेलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी, सगळ्या काउंटरवर एंट्र्या चालू, तिकडून मशीनचे रिझल्ट येऊन राहिले आणि सॉफ्टवेअर मध्येच गोल गोल फिरत बसायचं. रिसेप्शनच्या ताई म्हणायच्या नेट स्लो आहे. नेटचा काही संबंधच नव्हता. क्यूएलसी हा फ्लॅशचा स्वस्त प्रकार, त्यात एका सेलमध्ये, म्हणजे चिपमधल्या एका बारीक कप्प्यात, ४ बिट कोंबतात, म्हणजे व्होल्टेजच्या १६ लेव्हल सांभाळायच्या, टीएलसी या दुसऱ्या प्रकारात ३ बिट आणि ८ लेव्हल. इतकं बारीक लिहायला वेळ लागतो, म्हणून ड्राईव्ह आधी थोड्या जागेत एका सेलला एकच बिट असं फटाफट लिहून घेतो आणि मोकळा झाला की आत नीट लावत बसतो. ती जागा भरली की खरा स्पीड उघडा पडतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ड्राईव्ह भरत आला की ही जागाच आक्रसते. लॅबचा ड्राईव्ह स्कॅन केलेल्या रिपोर्टांनी गच्च भरला होता, मग काय होणार.

डीसी६००एम टीएलसी आहे, पण माझ्या मते पैसे द्यायचे ते आतल्या कपॅसिटरचे. यालाच पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. कसं असतं, डेटाबेस प्रत्येक एंट्री सेव्ह करताना ड्राईव्हला विचारतो, पक्कं लिहिलं ना? साध्या ड्राईव्हला हो म्हणायच्या आधी खरंच फ्लॅशपर्यंत जावं लागतं, आणि हे दर सेव्हला. याच्यात लाईट गेली तरी हातातलं काम फ्लॅशवर उतरवण्यापुरता करंट कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे डेटा ड्राईव्हच्या रॅममध्ये पोचला की तो बिनधास्त हो म्हणून मोकळा होतो. म्हणजे जी गोष्ट सेफ्टीसाठी लावली तिच्यामुळे छोट्या छोट्या राईटचा स्पीडही वाढतो, आणि हे बॉक्सवर कुठं मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. लॅबमध्ये फरक पडला तो इथंच, गोल फिरणं बंद झालं.

आणि नागपुरात मे महिन्यात लाईटचं काय होतं ते काय सांगू. बिल्डिंगचा जनरेटर पकडेपर्यंत सगळा भार यूपीएसवर, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. हे दोन्ही ड्राईव्ह अशा झटक्यांतून काही न होता निघाले. पण म्हणून यूपीएसला सुट्टी देऊ नका भाऊ, सर्व्हरच्या रॅममधलं न सेव्ह झालेलं काम कपॅसिटर वाचवत नाही. आणि मिरर म्हणजे बॅकअप नाही हे किती वेळा सांगायचं, एकावर चुकून डिलीट केलं की दुसऱ्यावरही त्याच क्षणी डिलीट.

मालकांनी विचारलं १ टीबी काहून नाही, ९६०च काहून, विंडोजमध्ये तर ८९४च दिसते. ८९४ हा मोजायच्या पद्धतीतला फरक आहे, आणि ९६० यासाठी की उरलेली फ्लॅश ड्राईव्ह स्वतःच्या कामाला राखून ठेवतो, जुने ब्लॉक साफ करायला हात मोकळा राहतो, म्हणून दिवसभर एकसारखा चालतो. कंपनी ५ वर्षं रोज एकदा पूर्ण ड्राईव्ह लिहा म्हणते, म्हणजे १७५२ टीबी. घरगुती चांगल्या १ टीबी ड्राईव्हला ६०० च्या आसपास देतात. लॅब या जन्मात तेवढं लिहीत नाही, ते जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, विशेषतः आपल्या गावात. हा ड्राईव्ह डेटा भरून कपाटात ठेवायचा नाही. चिपवाल्या कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या स्टँडर्डमध्ये एंटरप्राईज ड्राईव्हची कसोटी अशी आहे की पूर्ण आयुष्य वापरून झाल्यावर, करंट बंद, ४० डिग्रीला डेटा ३ महिने टिकला पाहिजे. घरगुतीला ३० डिग्रीला १ वर्ष. नवा ड्राईव्ह यापेक्षा पुष्कळ जास्त टिकवतो हे खरं, पण एसी बंद असलेल्या खोलीतलं लोखंडी कपाट मे महिन्यात काय तापतं ते तुम्हीच हात लावून बघा. कपाटासाठी साधी हार्ड डिस्क घ्या, आम्ही तेच केलं. चालू असताना ७० डिग्रीपर्यंत चालतो, ती काळजी नाही.

आता भावाचं. बर्डीच्या बाजारात हा शेल्फवर मिळत नाही, ऑर्डर द्यावी लागते, आणि रेट आजचा उद्या राहत नाही. दुकानदार लुटून राहिला असं वाटतं पण त्याच्याही हातात काही नाही, एआयवाल्या डेटा सेंटरांनी फ्लॅश आणि रॅम दोन्ही उचलायला घेतलंय. तिकडे क्यूएलसीला शिव्या कोणी देत नाही, एकदा लिहून हजारदा वाचायचं काम असेल तर तीच परवडते, सोलिडाईम कंपनीने तर २०२४ मध्ये १२२.८८ टीबीचा एकच ड्राईव्ह जाहीर केला. कंपन्यांना तिकडेच जास्त पैसा दिसतो. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करतो म्हणून सांगून टाकलं. आपल्यासारख्या छोट्या ऑफिसांच्या साटा ड्राईव्हकडे पुढं कोण किती लक्ष देईल मला शंकाच आहे, त्यामुळे गरज असेल तर रेट उतरायची वाट बघत बसू नका. गरज नसेल तर आत्ता अजिबात घेऊ नका.

गेमिंगला, एडिटिंगला हा नाही, तिथं एनव्हीएमई. ज्यांच्याकडे जुना साटा सर्व्हर आहे, बिलिंग किंवा लॅबचं सॉफ्टवेअर आहे आणि लाईट जाते, त्यांच्यासाठी माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा रेटसाठी कापला. साईझ २.५ इंची आहे, टॉवर सर्व्हरच्या मोठ्या खणात तसाच लटकवू नका, ब्रॅकेट वेगळं घ्या, ते बर्डीत कुठंही मिळतं.