पिकअपची केबिन: ब्युटाइल की डांबरी शीट?

भाजीच्या फेऱ्या मारणारा भाचा विचारतो, "मामा, केबिनचा पत्रा थडथडतो. ब्युटाइल लावू की डांबरी शीट?"

दोन्ही म्हणजे पत्र्याची थरथर दाबायला आतून चिकटवायच्या शीट; ब्युटाइल ही चिकट रबराची. डांबरी शीट स्वस्त, पण हीटगनने गरम करून बसवावी लागते. वैशाखात छताची शीट मऊ पडून लोंबू शकते, वर वास मारतो तो वेगळाच. ब्युटाइल महाग, पण रोलरने दाबली की चिकटते. लावल्यावर पत्र्यावर टिचकी मारा: आधीचा 'टण्ण' आता 'थप्प' होतो. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, पाव भागही बराच फरक पाडतो. दाराखालची पाणी जायची भोकं बुजवलीत तर मात्र गंज ठरलेला.

वाऱ्याची शिट्टी दोन्हींनी जात नाही; तिथे दाराचं रबर बघा.

दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर फक्त फ्लोअरला डांबरी. दिवसभर उन्हात राहायची असेल तर दारं-छताला ब्युटाइलच.