खटल्याचे कागद आणि आम्लविरहित पेटी

पणजीतल्या एका दुकानातून साडेसातशे रुपयांना घेतलेली आम्लविरहित, म्हणजे जुने कागद पिवळे पाडणारे आम्ल नसलेल्या, पुठ्ठ्याची पेटी मी संपूर्ण पावसाळाभर वापरली. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत म्हापशाला चालवलेल्या एका खून खटल्याचे कागद आणि घटनास्थळाचा हाताने काढलेला नकाशा मी तीत ठेवला होता. निकालानंतर मुद्देमाल बहुधा परत केला जातो किंवा नष्ट होतो, त्यामुळे उरते ते कोणाच्या तरी कुतूहलापोटीच. इंग्लंडमधल्या १८२७ च्या रेड बार्न खुनातील खुनी विल्यम कॉर्डरच्या कातडीने बांधलेले पुस्तक तिथल्याच बरी सेंट एडमंड्सच्या संग्रहालयात, तर १८२९ साली फाशी दिलेल्या खुनी विल्यम बर्कचा सांगाडा स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत आजही आहे. अर्थात तिथे आपल्यासारखा आषाढ नसतो.

पेटीचे झाकण घट्ट बसते आणि कसर आत शिरली नाही. मात्र विक्रेत्याने दिलेली ‘ओल अजिबात लागणार नाही’ ही ग्वाही फोल ठरली, कारण पुठ्ठा हवेतला दमटपणा शोषतोच. श्रावणात नकाशाच्या कडेला बुरशी दिसली, तेव्हा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या लागल्या. गंजक्या टाचण्या मी आधीच काढल्या होत्या, ते बरे झाले. लांबी अपुरी असल्याने नकाशाची घडी घालावी लागते, हा दोष मला सर्वांत जास्त खटकला.