कुष्ठरोग मोजताना: नोंदणीवरचे रुग्ण की वर्षातले नवे रुग्ण?

नोंदणीवरचे प्रमाण म्हणजे ३१ मार्चला उपचार चालू असलेले रुग्ण, दर १०,००० लोकसंख्येमागे. नव्या रुग्णांचा दर म्हणजे वर्षभरात सापडलेले रुग्ण, दर १ लाखामागे. छेद वेगळे आहेत, आकडे थेट शेजारी ठेवू नका.

पहिल्या आकड्यात उपचाराचा कालावधी मिसळलेला असतो, आणि घोळ तिथेच होतो. १० लाखांच्या जिल्ह्यात वर्षाला १०० बहुजिवाणू (शरीरात जंतू जास्त असलेले) रुग्ण सापडतात असे धरा. उपचार २४ महिने असेल तर नोंदणीवर सुमारे २००, म्हणजे प्रमाण २. तोच १२ महिन्यांवर आणला की १०० रुग्ण, प्रमाण १. लागण तेवढीच! भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठलेला ‘१०,००० मागे एकाहून कमी’ हा टप्पाही याच मापाचा. गोळ्यांचा साठा ठरवायला ते उत्तम. प्रसार समजायला अपुरे.

प्रसारासाठी आम्ही नव्या रुग्णांचा दरच घेऊ. मात्र घरोघरी शोधमोहीम झाली की तो उसळतो, थांबली की पडतो. म्हणून सोबत नव्या रुग्णांतली बालके आणि दृश्य विकृती (श्रेणी २) यांची टक्केवारी बघाच. दर घटतोय पण विकृती वाढतेय, तर रुग्ण उशिरा सापडताहेत.